ठोंब्याचा फोटो

फोटोकाकांच्या दुकानात आत गेलेल्या माणसापेक्षा बाहेर पडलेला माणूस देखणा असायचा, निदान कागदावर तरी. पासपोर्टचे, ओळखपत्राचे, नोकरीच्या अर्जाचे फोटो काढण्यात त्यांचा जन्म गेला. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की आधी फवाऱ्याच्या बाटलीने त्याचे उभे राहिलेले केस बसवायचे, मग फणी, मग मऊ फडक्याने कपाळावरचा घाम टिपायचा, आणि मग, "हनुवटी जरा वर. डोळे मिटायचे नाहीत हं." एवढं करून भागायचं नाही. संध्याकाळी संगणकावर बसून लोकांचे मुरूम घालवायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची. याला ते "जरा हात फिरवणं" म्हणायचे. एका गिऱ्हाइकाला तर विमानतळावर अडवून विचारलं होतं, की हा फोटो तुमच्या धाकट्या भावाचा का? ही गोष्ट सांगताना काकांना लाज वाटायची नाही, उलट छाती फुगायची.

आता दुकान बंद झालं होतं. सगळं सामान घरामागच्या पत्र्याच्या खोलीत येऊन पडलं होतं. स्टूल, दिव्यांच्या छत्र्या, डोंगर-झरे रंगवलेले पडदे. त्या खोलीला कोणी हात लावायचा नाही, अशी काकांची सगळ्यांना ताकीद होती.

खोलीला लागून जी बाग होती, ती मात्र काकूंची. तिथे काकांनी एकच काम करायचं, ते म्हणजे मध्ये मध्ये न येणं. गुलाब कुठला आणि गुलाबावर चढलेलं तण कुठलं हे ज्या माणसाला कळत नाही, त्याने बागेत लुडबुड करू नये, असं काकूंचं स्पष्ट मत होतं.

बागेच्या कोपऱ्यात एक लिंबाचं झाड होतं. काकूंनी ते बोटभर रोपापासून वाढवलेलं. भिंतीच्या वर गेलं, फांद्या पसरल्या, काटे तर असे की मांजरसुद्धा वळसा घालून जायचं. पण फूल म्हणाल तर एक नाही. दरवर्षी वसंत आला की आजूबाजूची सगळी झाडं फुलायची आणि हा आपला हिरवागार, ढिम्म उभा. काकूंनी त्याचं नाव ठेवलं होतं ठोंब्या. नाव ठेवलं तरी जीव त्याच्यावरच, हे वेगळं सांगायला नको.

"खायला काळ आणि भुईला भार," मुलगा म्हणायचा. त्याचंही चुकत नव्हतं. त्याची बायको घरबसल्या मुलांना गणित शिकवायची, संगणकासमोर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. समीकरण सुटत आलं की इकडे कुकरची शिट्टी. तिकडे पडद्यावरची पोरं खिदळायची. सूनबाईला एक खोली हवी होती आणि खोली काढायला जागा एकच होती, ठोंब्याच्या बुडाशी. बोलता बोलता गोष्ट मिस्त्रीपर्यंत पोचली.

काकू आधी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. मग स्वतःच म्हणाल्या, "एवढा एक वसंत थांबा. महिनाअखेरीपर्यंत ठोंब्याने कळी धरली तर तो राहील. नाही धरली तर कुऱ्हाड मीच काढून देईन. ठरलं म्हणजे ठरलं."

आणि काकूंनी कंबर कसली. लिंबाला म्हणे ताण द्यावा लागतो. त्याचं पाणी तोडायचं. पानं वळली, पिवळी पडून गळायला लागली, की मग बेताबेताने पाणी सुरू करायचं. तहानेने घाबरलेलं झाड मग फुलतं. यंदा तर ताण द्यायला आयतीच सोय होती. आकाशाने कधीपासून थेंब टाकला नव्हता, नळाला एक दिवसाआड पाणी, रस्त्याची धूळ उडून उंबऱ्याच्या आत. काकूंनी ठोंब्याचं पाणी बंद केलं, आणि त्याच आठवड्यात न्हाणीघरात पाय घसरून त्या अशा पडल्या की थेट मांडीपर्यंत प्लास्टर.

पलंग पुढच्या खोलीत लागला. त्या खोलीची खिडकी रस्त्याकडे, बाग मागे, मध्ये अख्खं घर. पाय पलंगावर आणि जीव बागेत, अशी काकूंची गत झाली.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "मी सांगेपर्यंत ठोंब्याला थेंबभर पाणी घालायचं नाही. कोणी घालू द्यायचं नाही. आणि रोज सकाळी मला त्याचा एक फोटो दाखवायचा. जमेल ना?"

"फोटो जमेल ना, असं मला विचारतेस?" काका म्हणाले. त्यांचा अपमानच झाला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी झाडाचा सरळ फोटो काढला. झाडावर धूळ, शेंड्याची पानं मलूल. काकूंनी तो कॅमेऱ्यावरच पाहिला, एक सुस्कारा टाकला आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "भूक नाही मला," म्हणाल्या. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

काकांच्या काळजाचं पाणी झालं. एवढी खमकी बाई, आणि भिंतीकडे तोंड! दुसऱ्या दिवशी ते पत्र्याच्या खोलीत गेले आणि फवाऱ्याची बाटली, मऊ फडकं आणि बारीक कात्री घेऊन बाहेर आले. ठोंब्यासमोर उभे राहिले, त्याला खालून वर न्याहाळलं.

"हनुवटी वर घे रे," म्हणाले.

पानं एकेक करून पुसली. त्यांच्यावर फवारा उडवला, बेताचाच, मुळाशी थेंब पडू दिला नाही. दिल्या शब्दाला ते जागत होते. पिवळी पानं कापली, वळलेली मागे दडवली, कोवळं ऊन बरोबर ज्या बाजूने येत होतं त्या बाजूने फोटो काढला, आणि संगणकावर हिरव्या रंगावर जरा हात फिरवला. छापलेला फोटो पाहून काकूंचा चेहरा खुलला. "अगंबाई, तग धरून आहे की!" आणि त्यांनी पोटभर जेवण केलं.

झालं. मग काय, रोजचाच परिपाठ. काका सकाळी उठून ठोंब्याचा मेकअप करायचे, काकू फोटो पाहून जेवायच्या, आणि घरात आनंदीआनंद. गळलेली पानं काका गुपचूप टोपलीत भरून पत्र्याच्या खोलीत ठेवायचे. फक्त एक अडचण होती. पानं रोज कमी होत होती. आधी अख्ख्या झाडाचा फोटो यायचा, मग एका फांदीचा, मग एका डहाळीचा.

"पूर्ण झाड का नाही दाखवत?" काकूंनी विचारलं.

"हल्ली जवळून काढायची फॅशन आहे," काकांनी ठोकून दिलं.

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ धरला. "पानं मात्र अजून कशी ताठ आहेत बघा. चिवट आहे मेला. वळल्याशिवाय पाणी द्यायचं नाही."

"म्हणजे... तू पाणी या फोटोवरून ठरवतेयस?"

"मग काय, मला स्वप्न पडणार आहे? पान बघूनच ठरवतात. म्हणून तर तुम्हाला रोज फोटो मागतेय."

काकांना आपलं वाटत होतं की काकू दिवस मोजून पाणी देणार आणि फोटो नुसता मन रमवायला. ते तसेच मागल्या दारी गेले. ठोंब्याच्या तीन बाजू काटक्या झाल्या होत्या. चौथ्या बाजूला मूठभर पानं, तीही काकांनी रोज पुसून पुसून जगवल्यासारखी. बाकी बागेत शेवंतीच्या कुंडीपासून भिंतीवरच्या वेलापर्यंत सगळं तहानेलं होतं, पण ठोंब्या तहानेला नव्हता, तो चालला होता. आपण माणसाला खोटं देखणं करता करता झाड मारलं, असं काकांना वाटलं आणि त्यांना खरोखर रडू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निश्चय केला. ना फवारा, ना फडकं. भर उन्हात, वाळलेल्या बाजूने, अख्ख्या झाडाचा फोटो काढला आणि छातीवर दगड ठेवून काकूंपुढे धरला.

काकूंनी पाहिला. भुवया उंचावल्या. मग मायेने काकांच्या हातावर हात ठेवला.

"होतं असं कधी कधी," त्या म्हणाल्या. "वय झालंय आपलं. हात थरथरला असेल."

"अगं, हात नाही थरथरला! झाडच असं आहे!"

"काहीतरीच. कालच्या फोटोत कसं टवटवीत होतं. एका रात्रीत झाड असं होत नाही. उन्हात काढलात म्हणून असा वाईट आलाय. कालचा खरंच फार सुरेख होता हो. उद्या तसा काढा."

जन्मभरात कोणी काकांच्या फोटोला वाईट म्हटलं नव्हतं, आणि ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी फोटो अगदी खरा होता! काका पत्र्याच्या खोलीत गेले, पानांची टोपली आणली, फवाऱ्याची बाटली आणली, फडकं आणलं, कात्री आणली, आणि सगळं काकूंच्या पांघरुणावर ठेवलं.

काकूंनी टोपलीतलं एक पान उचललं. बोटांत धरलं तर त्याचा चुरा झाला. मग त्यांनी फवाऱ्याची बाटली पाहिली. त्या बाटलीने काकांनी अख्ख्या गावाचे केस बसवले होते, त्यामुळे वेगळं काही सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. तू जेवत नव्हतीस ना."

काकू एवढ्या लाल झाल्या, की काकांना वाटलं आता प्लास्टरसकट उठतात. "मला वेड्यात काढलंत! पलंगावर पडलेल्या बाईला! अहो, मी तुम्हाला फोटो मागितला होता, गोड बातमी नाही! गिऱ्हाईक समजलात काय मला?" आणि श्वास घेऊन, "बघताय काय तोंडाकडे? पाणी घाला! एकदम ओतू नका, मुळं सडतील. आज अर्धी बादली, लांबून, गोल फिरवून. सूनबाई! अगं सूनबाई!"

सूनबाईचा तास चालू होता. तिने पोरांना एक गणित घातलं आणि धावत आली. ऐकलं, आणि नळाला पाणी नसण्याचा दिवस म्हणून स्वतःच्या आंघोळीची भरून ठेवलेली बादली उचलून मागे नेली. काका तिच्याकडे बघतच राहिले. ठोंब्या मेला तर खोली हिचीच होणार होती.

"अगं, तुझी आंघोळ?"

"उद्या करेन, बाबा. तुम्ही लांबून ओता, आई ओरडतील."

त्यानंतर घरात तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांडी विसळलेलं सगळं पाणी काकूंच्या हुकमाप्रमाणे ठरलेल्या दिवशी, ठरल्या मापाने मागे जायला लागलं. मुलगासुद्धा पाय धुवायला ठोंब्यापाशी जायचा. काकांनी रोज फोटो काढला, आहे तसा, धुळीसकट. काकू तो पाहायच्या, मान हलवायच्या आणि परत द्यायच्या. काटक्या त्या काटक्याच.

महिना संपला आणि मिस्त्री टेप घेऊन दारात हजर. मुलाला अवघडल्यासारखं झालं. तो आईजवळ जाऊन उभा राहिला.

"आई, हवं तर अजून थोडे दिवस..."

"नको," काकू म्हणाल्या. "ठरलं म्हणजे ठरलं. मीच बोलले होते. पायरीखाली कुऱ्हाड आहे, ती घे." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

काकांना तिथे उभं राहवेना. शेवटचा एक फोटो तरी काढू, म्हणून ते कॅमेरा घेऊन मागे गेले. मिस्त्री टेप पसरत होता. काकांनी वाळक्या फांदीवर भिंग लावलं आणि जवळ, अगदी जवळ गेले. पानंच नसल्यामुळे आता दडवायला काही उरलं नव्हतं. काट्याच्या बगलेत काहीतरी होतं. आधी वाटलं धूळ. मग वाटलं कीड. जांभळट, तांदळाच्या कणीएवढं. एक नव्हे, फांदीभर.

काका धावले. या वयात, पायऱ्यांवरून, कॅमेरा छातीशी धरून.

"कळ्या! अगं, कळ्या आल्यात! हे बघ!"

काकूंनी फोटो पाहिला. मग त्यांनी कॅमेरा पलंगावर ठेवला.

"हात फिरवलात ना?"

"नाही गं!"

"मला बरं वाटावं म्हणून. तुमच्या फोटोवर आता माझा विश्वास नाही हो. काय करू?"

हे त्या रागाने बोलल्या असत्या तर काकांना चाललं असतं. त्या रडवेल्या होऊन बोलल्या. काका शपथ घ्यायला लागले, पण कोणाची घ्यावी ते सुचेना. जन्मभर जो धंदा केला, तोच उलटला होता.

दारात सूनबाई उभी होती. ती तशीच मागे गेली. बराच वेळ आली नाही. मुलगा, काका, काकू, तिघंही दाराकडे बघत बसले. ती आली तेव्हा बोटाला काटा लागून रक्त आलं होतं.

"आहेत, आई," ती म्हणाली. "मी हात लावून बघितलं. शेंड्यापासून खालपर्यंत आहेत. मिस्त्रीकाकांना परत पाठवलं मी."

काकूंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पदर तोंडाला लावला आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते कोणालाच कळलं नाही. बहुधा दोन्ही.

"आणि तुझी खोली गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

सूनबाई बोटावरचं रक्त पुसायला लागली. खोलीचं दुःख तिला होतंच, का नसावं? तेव्हा काका खाकरले.

"मिस्त्रीला हाक मार," ते मुलाला म्हणाले. "लांब गेला नसेल. पत्र्याची खोली आहे ना, ती पाडायची आणि तिथे पक्की बांधायची. मोठी खिडकी ठेवा, बागेकडे."

"बाबा, पण तुमचं सामान?"

"कोणाचे केस बसवायचे राहिलेत आता?" काका म्हणाले. "बाटली तेवढी ठेवा."

ठोंब्या फुलला तो असा फुलला, की रस्त्याने जाणारी माणसं भिंतीपाशी थबकून वास कुठून येतोय ते शोधायची. मुलाने आणि मिस्त्रीने मिळून काकूंना खुर्चीसकट उचललं आणि मागे नेऊन ठेवलं. अर्धवट पाडलेल्या खोलीतून निघालेला रंगवलेला पडदा भिंतीला टेकून उभा होता, डोंगर, झरा आणि कधीच न सुकणारी फुलं. काकूंनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पांढऱ्या फुलांची एक फांदी ओढून नाकाशी धरली.

"एक सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. "दरवर्षी मी ताण द्यायला बसायचे. दोन पानं वळली की माझा जीव खालीवर व्हायचा, आणि मी तांब्या ओतायचे. याला खरी तहान कधी लागूच दिली नाही. यंदा तुमचे ते गोजिरवाणे फोटो बघून मी निवांत राहिले."

काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझं बरोबरच होतं!"

"अजिबात नाही! आंधळ्याच्या गाई देव राखतो, त्यातली गत झाली तुमची. झाड गेलं असतं तर तुम्हाला त्याच्या जागी पुरलं असतं. चला, काढा आता फोटो. पाणी मारायचं नाही. पानं पुसायची नाहीत."

काकांनी काढला. एका पाकळीवर मुंगी होती, एक पान अळीने अर्धं खाल्लेलं, सगळ्यावर बांधकामाची धूळ. हात शिवशिवत होते त्यांचे, पण त्यांनी मुंगीला फुंकरसुद्धा मारली नाही. काकूंनी फोटो पाहिला, बोटाने मोठा केला, मुंगी शोधून काढली.

"हां," त्या समाधानाने म्हणाल्या. "हा आमचा ठोंब्या."

मग त्यांनी केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला आणि ताठ बसल्या.

"आता माझा काढा, त्याच्याबरोबर. आणि हे बघा, त्याचं राहू दे, पण माझ्यावर मात्र जरा हात फिरवा हं. पडून पडून तोंडाची पार रया गेलीय."

"हनुवटी वर," काका म्हणाले. "डोळे मिटायचे नाहीत."

संध्याकाळी त्यांनी तो फोटो संगणकावर उघडला. पांढरे केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, गालावर सुरकुत्यांचं जाळं, कपाळाला लिंबाची एक पाकळी चिकटलेली. काका नेहमीप्रमाणे सरसावून बसले. कपाळापासून सुरुवात करावी म्हटलं, पण तिथे करण्यासारखं काही दिसेना. मग गाल पाहिला. मग डोळे पाहिले. बराच वेळ पाहिले. शेवटी त्यांनी तो तसाच छापला आणि काकूंना नेऊन दाखवला.

काकू चष्मा लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"फिरवलात ना हात?"

"फिरवला की."

"तरीच," काकू खूश होऊन म्हणाल्या. "तरीच बरी दिसतेय."